७ इंची व्हॅक्यूम स्क्रीन सेपरेटर: कशासाठी घ्यावा, कशासाठी घेऊ नये

फोनची वरची काच तडकलेली आहे, पण खालचं चित्र स्वच्छ आहे आणि टच सगळीकडे चालतोय, अशा वेळी अख्खा कॉम्बो (काच, टच आणि डिस्प्ले यांचा एकत्र संच) बदलणं म्हणजे चांगला डिस्प्ले फेकून देणं. काच आणि डिस्प्ले यांच्यामध्ये ओसीए हा पारदर्शक चिकट थर असतो, बहुतेक वेळा ०.१ ते ०.२५ मिलिमीटर जाडीचा. तो गरम करून मऊ केला आणि त्यातून त्याहून बारीक तार फिरवली की काच सुटते. सेपरेटरचं काम एवढंच: स्क्रीन ठरलेल्या तापमानाला ठेवायचा आणि जागचा हलू द्यायचा नाही. तार ओढायची ती हातानेच.

हे परीक्षण सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकाराचं आहे. वर ॲल्युमिनियमची सपाट तापणारी पाटी, तिला बारीक भोकं, पोटातच व्हॅक्यूम पंप, पुढच्या बाजूला तापमानाचा आकडा आणि दोन बटणं. असं यंत्र कितीतरी नावांनी विकलं जातं आणि उघडून पाहिलं तर आतली रचना जवळपास एकसारखी निघते. म्हणून इथे नावापेक्षा प्रकाराबद्दल बोलणं जास्त उपयोगी.

आमचं मत आधीच सांगतो. एलसीडी, म्हणजे मागून उजेड लागणाऱ्या स्क्रीनसाठी हे यंत्र नि:शंक घ्यावं. सपाट ओएलईडीसाठी, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो त्या स्क्रीनसाठी चालतं, पण हात बसल्यानंतरच. कडा वळलेल्या स्क्रीनसाठी आणि घडीच्या फोनसाठी ते घेऊ नये. आणि फक्त हे एक यंत्र आणून काच बदलण्याचं काम सुरू होईल असं समजू नये. काच काढणं हा अर्धा भाग, तोही सोपा अर्धा.

एवढी खटपट कशासाठी, याचं उत्तर डिस्प्लेच्या दर्जात आहे. स्वस्त पर्यायी कॉम्बोमध्ये अनेकदा ओएलईडीच्या जागी एलसीडी बसवलेली असते. मग जाडी वाढते, काळा रंग करडा दिसतो, बॅटरीही लवकर उतरते. मूळ डिस्प्ले वाचला तर यातलं काहीच होत नाही. आयफोनमध्ये ट्रू टोनसाठी (आजूबाजूच्या उजेडानुसार पडद्याचा रंग जुळवणाऱ्या सोयीसाठी) लागणारी माहिती डिस्प्लेच्याच चिपमध्ये साठवलेली असते; फक्त काच बदलली तर ती जागेवर राहते. २०१९ मधल्या आयफोन ११ पासून डिस्प्ले बदलल्यावर सेटिंग्जमध्ये जी सूचना दिसायला लागते, तीही मूळ डिस्प्ले तोच असेल तर येत नाही. ग्राहकाला हे नीट समजावून सांगितलं तर काच बदलण्याला दोन दिवस लागतात हे तो आनंदाने मान्य करतो.

पाटीचं तापमान

सेपरेटरची खरी परीक्षा इथे होते, आणि बहुतेक यंत्रं इथेच थोडी कमी पडतात. एलसीडीसाठी पाटी साधारण ८० अंश सेल्सिअसला ठेवायची, ८५ च्या वर जायचं नाही. ओएलईडीसाठी ७० ते ७५ पुरे. याहून कमी ठेवलं तर ओसीए नीट मऊ होत नाही, तार अडते, आणि अडलेली तार जोर लावून ओढली की डिस्प्ले फुटतो. जास्त ठेवलं तर पोलरायझर (डिस्प्लेवरची प्रकाश गाळणारी पातळ फिल्म) पिवळा पडतो किंवा आकसतो, बॅकलाइटच्या, म्हणजे एलसीडीला मागून उजेड देणाऱ्या भागाच्या पातळ शीट लहरतात. एलसीडी जास्त तापली की आतल्या द्रवस्फटिकांची रचना तात्पुरती मोडते आणि लगेच जोडून पाहिलं तर पडद्यावर काळसर डाग दिसतो. तो थंड झाल्यावर जातो. अशा डागाला घाबरून पॅनल टाकून देऊ नये. खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं आणि मगच तपासावं.

अडचण अशी की यंत्रावर दिसणारा आकडा हा पाटीच्या पोटात, हीटरजवळ बसवलेल्या सेन्सरचा असतो. स्क्रीन ठेवतो तिथलं तापमान वेगळं असतं, आणि मध्ये सिलिकॉनची मॅट असेल तर ते आणखी काही अंशांनी उतरतं. सुरू केल्याबरोबर पाटी ठरवलेल्या आकड्याच्या वर जाते, मग खाली येते. स्थिरावायला दहाएक मिनिटं द्यावी लागतात. ही दहा मिनिटं न थांबता ठेवलेला पहिला स्क्रीन नेहमी जास्त भाजतो.

खरं तापमान मोजायला मल्टिमीटरसोबत मिळणारा के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) वापरा. उष्णतारोधक टेपने तो मॅटवर चिकटवा आणि मध्यभाग व चारही कोपरे मोजा. बंदुकीसारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर थेट चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखू नका. चकचकीत धातू उष्णतेचं उत्सर्जन फार कमी करतो, त्यामुळे तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. तो खरा मानून तापमान वाढवलं की पोलरायझर गेलाच. तोच थर्मामीटर वापरायचा असेल तर पाटीवर काळ्या टेपचा तुकडा लावून त्यावर मोजा.

पकड

पंपाची पकड सपाट आणि अखंड पृष्ठभागावर उत्तम असते. पण इथे काच तर फुटलेली असते, आणि तडांमधून हवा आत जाते. म्हणून काचेवर आधी रुंद पारदर्शक टेप एकही सुरकुती न पडता लावायचा. त्याने दोन गोष्टी साधतात: पकड टिकते आणि काचेचे कण जागेवर राहतात. कण मॅटवर सांडले तर पुढचा स्क्रीन त्यांच्यावर बसतो आणि खालून दाब एकाच ठिकाणी येऊन पॅनल तडकतं. प्रत्येक स्क्रीननंतर मॅट पुसणं ही शिस्त नाही पाळली तर बाकी सगळं कसब वाया जातं.

लहान फोन ठेवल्यावर पाटीवरची काही भोकं उघडी राहतात आणि तिथून हवा शिरून पकड ढिली होते. उघडी भोकं उष्णतारोधक टेपने झाका, किंवा मध्येच भोकं असलेली मॅट घ्या. खोक्यावर लिहिलेल्या ७ इंचांवर विसंबू नका. पाटीची लांबी मोजा. आजचे उंच फोन काही पाट्यांवर कडेने बाहेर येतात, बाहेर आलेला भाग थंड राहतो आणि नेमकी तिथेच तार अडते. टॅबलेटसाठी हे यंत्र नाहीच, त्याला मोठी पाटी लागते.

पंपाबद्दल आणखी एक. काचेची भुकटी आणि गोंदाचे तंतू भोकांतून आत ओढले जातात आणि काही महिन्यांत पंपाचा आवाज बदलतो, पकड मंदावते. नळीत छोटा फिल्टर बसवला तर पंपाचं आयुष्य खूप वाढतं. बहुतेक यंत्रांत तो कारखान्यातून बसवलेला नसतो. एवढ्या साध्या गोष्टीत केलेली बचत आम्हाला पटत नाही.

तार

यंत्रासोबत येणारी तार बहुधा मॉलिब्डेनमची, ०.१ मिलिमीटर जाडीची असते. ०.०८ चीही मिळते. तार ओसीएपेक्षा पातळच हवी. जाड तार थरातून जाण्याऐवजी काच आणि डिस्प्ले यांना दोन बाजूंना ढकलते. पातळ तार लवकर तुटते, पण तुटलेली तार परवडते, फुटलेलं पॅनल नाही. तारेला एकदा मुरड पडली की ती टाकून द्यायची. मुरडलेल्या जागेने पोलरायझरवर जो ओरखडा पडतो तो नव्या काचेखालीही दिसतो. दोन्ही टोकं लाकडी किंवा प्लास्टिकच्या दांडीला गुंडाळा. बोटांना गुंडाळलेली तार कातडी कापते. काचेचे कण उडतात, म्हणून चष्मा हवाच.

काम सुरू करण्याआधी डिस्प्ले पूर्ण तपासून घ्या. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे दाखवा, उजेड अगदी कमी करूनही पाहा, कारण ओएलईडीवरचा फिकट डाग आणि करड्या रंगातली रेघ तिथेच उठून दिसते. टचसाठी एखादं आयकॉन पूर्ण पडद्यावर आडवं-उभं फिरवा. मध्ये सुटलं तर तिथे टच मेलेला आहे. काळी शाई पसरल्यासारखं दिसत असेल किंवा उभी रेघ असेल तर पॅनलच गेलं आहे, काच बदलून काही होणार नाही. हे ग्राहकासमोर दाखवून द्यावं.

मग फ्रेम. बऱ्याच फोनमध्ये डिस्प्ले मधल्या फ्रेमला चिकटवलेला असतो, आणि तो फ्रेममधून सुटा करताना जितके पॅनल फुटतात तितके तार ओढताना फुटत नाहीत. पाटीवर कडा तापवून पातळ पातं एका वेळी एकाच बाजूने सरकवा, फ्लेक्सची (पातळ, लवचीक केबलची) जागा आधी माहीत करून घ्या. आयफोन एक्सपासून पुढच्या काही मॉडेलांमध्ये वरच्या बाजूला इयरपीससोबत जो सेन्सरचा फ्लेक्स असतो तो बोर्डाशी जोडीने बांधलेला असतो. तो तापवण्याआधी डिस्प्लेवरून काढून बाजूला ठेवला नाही आणि बिघडला, तर फेस आयडी जातो आणि दुसरा फ्लेक्स लावून परत येत नाही.

स्क्रीन पाटीवर काच खाली करून ठेवायचा. खाली असलेली काच टाकायचीच आहे, तिला पकड आणि उष्णता दोन्ही मिळते, आणि डिस्प्ले वरून उचलता येतो. पंप सुरू करून २ ते ३ मिनिटं थांबा. वरच्या, म्हणजे इयरपीसकडच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. एलसीडीत खालच्या कडेला काचेची पातळ पट्टी पुढे आलेली असते, तिच्यावर ड्रायव्हर आयसी (डिस्प्ले चालवणारी चिप) आणि फ्लेक्स असतो, आणि आयसीचं तोंड नेमकं बदलायच्या काचेकडे असतं. तार तिथून सुरू केली तर पहिलाच झटका आयसीला बसतो. वरून आल्यावरही शेवटचा एक-दीड सेंटिमीटर सगळ्यात हळू ओढा, आणि तार बाहेर पडताना सरळ नको, तिरपी पडू द्या. झटक्याने सुटलेली तार फ्लेक्स कापते.

तार करवतीसारखी आलटून-पालटून ओढायची आणि किंचित खाली, काचेच्या अंगाला दाबून ठेवायची. तार घासलीच तर टाकायच्या काचेला घासू दे. तार जिथे अडेल तिथे थांबा. अडण्याचं कारण बहुधा उष्णता तिथवर पोचली नाही हे असतं. आणखी एक मिनिट दिलं की तीच तार सहज पुढे जाते. एका कोपऱ्यावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी पुढे गेलेली तार पॅनलला पीळ देते, म्हणून दोन्ही हात सारख्या वेगाने.

तार पलीकडे निघाली म्हणजे काम झालं असं नाही. गरम ओसीए मागोमाग पुन्हा चिकटतो. डिस्प्ले सरळ वर उचलू नका. आडवा सरकवत किंवा किंचित गोल फिरवत सोडवा. वर ओढलेलं पॅनल मधोमध वाकतं आणि तिथेच तडकतं. नवशिक्यांची सर्वाधिक पॅनलं या क्षणी जातात, तार ओढताना नव्हे.

ओएलईडीला वेगळे नियम

एलसीडीत पोलरायझर खरवडला तर तो बदलता येतो, कष्टाचं काम असलं तरी. ओएलईडीत पोलरायझरच्या खाली लगेच पॅनलचं संरक्षक आवरण असतं. तार ओसीएच्या ऐवजी त्या थरात घुसली की आत हवा आणि ओलावा शिरतो आणि तेवढा भाग कायमचा काळा होतो, किंवा हिरवी-गुलाबी रेघ उमटते. परत येण्याचा मार्ग नाही. ओएलईडीचे दोन प्रकार लक्षात ठेवा. कडक ओएलईडीत दोन अतिशय पातळ काचा असतात, त्या वाकणं सहन करत नाहीत. लवचीक ओएलईडी प्लास्टिकच्या थरावर बनलेली असते, ती फुटत नाही पण चुरगळते, आणि पडलेली घडी उजेड कमी केल्यावर दिसते. काही पॅनलांत काच आणि ओएलईडीच्या मध्ये टचची वेगळी फिल्म असते. तार तिच्या वरून गेली पाहिजे. खालून गेली तर चित्र राहतं आणि टच जातो.

म्हणून ओएलईडीवर ०.०८ किंवा त्याहून पातळ तार, ७० ते ७५ अंश, आणि वेग निम्मा. ज्याच्या पडद्याखाली बोटाच्या ठशाचा सेन्सर आहे त्या फोनमध्ये तो सेन्सर पॅनलच्या मागच्या बाजूला चिकटलेला असतो. त्यावर पात्याचा दाब देऊ नका. अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी ठसा वाचणारा सेन्सर काचेच्या जाडीला आणि मधल्या हवेला फार संवेदनशील असतो, त्यामुळे जाड स्वस्त काच किंवा तिथेच राहिलेला बुडबुडा असला तर ठसा ओळखला जात नाही.

वळलेल्या कडांचे स्क्रीन या पाटीवर बसतच नाहीत. कडा हवेत राहते, ना पकड ना उष्णता. त्यांच्यासाठी गोठवण्याची पद्धत आहे. उणे १०० अंशांच्या बऱ्याच खाली गेल्यावर ओसीएची पकड सुटते, तो कडक होतो आणि काच पातळ प्लास्टिकने टकटक केल्यासारखी तुकड्यातुकड्यांनी निघते. ते यंत्र वेगळं, मोठं आणि महाग असतं. काही जण त्याऐवजी द्रव नायट्रोजन वापरतात. त्याचं तापमान उणे १९६ अंश असतं, कातडी क्षणात भाजते, आणि बंद खोलीत त्याची वाफ प्राणवायूची जागा घेते. हवा खेळती नसलेल्या छोट्या गाळ्यात तो प्रयोग करूच नये.

काच निघाल्यावर

डिस्प्लेवर ओसीएचा थर अर्धवट राहतो. पहिला नियम: आधी हाताने, मग द्रावणाने. पाटी ५० अंशांच्या आसपास ठेवून थर एका कडेने अंगठ्याने किंवा रबरी रोलरने गुंडाळत न्यायचा, ओढ पडद्याला समांतर ठेवायची. थंड पडद्यावरून सरळ वर उपटलेला गोंद पोलरायझर उचलून आणतो. गोंद काढायच्या फिरत्या रोलरच्या छोट्या बंदुकी मिळतात. एलसीडीवर त्या वेळ वाचवतात, ओएलईडीवर एका जागी रेंगाळल्या तर घर्षणाने तापवतात.

उरलेल्या डागांसाठी गोंद काढायचं द्रावण घ्या, पण ते कापडावर, पडद्यावर कधीच नाही. कडेपासून मध्याकडे पुसा. द्रावण कडेने आत गेलं की पोलरायझरची कड पांढुरकी होऊन सुटते, आणि बॅकलाइटमध्ये उतरलं तर उजेड लावल्यावर ओघळाचे डाग दिसतात, ते पुसता येत नाहीत. ॲसिटोन पोलरायझरचा पृष्ठभाग खराब करतो, त्याला या टेबलावर जागा नको. शेवटचा हात ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सोडणाऱ्या कापडाने. कमी टक्क्यांच्या अल्कोहोलमधलं पाणी वाळताना डाग ठेवतं.

इथून पुढे सेपरेटरचा उपयोग संपतो. आता लागतो साचा, हवा काढून काच चिकटवणारा व्हॅक्यूम लॅमिनेटर आणि दाबाने बुडबुडे घालवणारा बबल रिमूव्हर. नवी काच बहुधा मागे ओसीए लावूनच मिळते. साच्यात काच आणि डिस्प्ले जुळवायचे. अर्ध्या मिलिमीटरची चूकही काळ्या कडेशेजारी उजेडाची रेघ म्हणून दिसते. लॅमिनेटरने आतली हवा पुरती ओढून घेतल्यावरच दाब द्यावा. मग बबल रिमूव्हरमध्ये ४५ ते ५० अंश आणि ०.४ ते ०.६ मेगापास्कल दाबाखाली १५ ते २० मिनिटं. दाबाची टाकी आहे हे विसरू नका: काटा शून्यावर आल्याशिवाय दार उघडायचं नाही. बॅकलाइट जोडलेली एलसीडी दाबताना खाली मऊ पॅड हवा, नाहीतर मागच्या धातूच्या उंचवट्यांचे ठसे पांढऱ्या पडद्यावर उमटतात.

हा संच घेणं शक्य नसेल तर द्रव गोंद आणि अतिनील दिव्याची जुनी पद्धत मोहात पाडते. आम्ही ती सुचवत नाही. गोंद कडेने उतरून बॅकलाइटमध्ये शिरतो, आणि नीट पक्का न झालेला गोंद नंतर पिवळट होतो. त्यापेक्षा सेपरेटरने काच काढून, सफाई करून, लॅमिनेशन ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याकडून करून घेणं केव्हाही चांगलं.

धूळ आणि बुडबुडा यांतला फरक ओळखायला शिका, कारण एकाला दाब लागतो आणि दुसऱ्याला काच पुन्हा काढावी लागते. बुडबुडा गोल आणि आतून स्वच्छ असतो. धुळीच्या कणाच्या मध्यभागी गडद ठिपका आणि भोवती हवेचं कडं असतं. धूळ कितीही दाब दिला तरी राहते. हिरव्या प्रकाशाचा तिरपा दिवा लावला की पुसलेल्या पडद्यावरचा बारीक कणही चमकतो. गाळलेली हवा सोडणारी बंद पेटी असेल तर उत्तम, नसेल तर निदान पंखा बंद आणि टेबल ओल्या फडक्याने पुसलेलं हवं.

दुसऱ्या दिवशी काळ्या पट्टीलगत परत येणारे बुडबुडे ही सगळ्यात जास्त तक्रार. काचेच्या मागची काळी छपाई थोडी उंच असते, तिथे पायरी तयार होते. ओसीए पातळ असेल तर तो ही पायरी भरत नाही, दाबाने तात्पुरता बसतो आणि मग मागे सरकतो. जाड ओसीए, दाबाखाली जास्त वेळ, आणि फोनमध्ये बसवण्याआधी स्क्रीन काही तास तसाच ठेवणं, हे तीन उपाय. घाईने बसवलेला स्क्रीन फ्रेमच्या दाबाखाली लगेच कडेने सुटतो.

काच निवडतानाही कंजूषी नको. स्वस्त काच जाड असते, कॅमेऱ्याचं भोक किंचित सरकलेलं असतं, आणि बोटांचे डाग न धरणारा लेप थोड्याच दिवसांत उडतो. मूळ काच रासायनिक प्रक्रियेने कडक केलेली असते: पृष्ठभागातल्या सोडियमच्या जागी मोठे पोटॅशियमचे अणू बसवून तिथे दाब निर्माण करतात. ही प्रक्रिया नीट न केलेली काच पहिल्या पडण्यातच जाते. फोन बंद करताना कडेची सील नवी लावा, पण पाण्यापासूनचं मूळ संरक्षण परत आलं असं ग्राहकाला सांगू नका.

हेच यंत्र घ्यायचं असेल तर

फिरणारी पाटी असलेलं मॉडेल मिळत असेल तर ते घ्यावं. तार एकाच दिशेने ओढत पाटी फिरवता आली की मनगटं वळवावी लागत नाहीत आणि तार सपाट राहते. मोटरने तार चालवणारी यंत्रं मात्र सुरुवातीला नकोत; तार अडल्याचं हाताला कळतं, मोटरला कळत नाही.

सोबत मिळणारी तार आणि टेप बहुतेक वेळा सुमार असतात, ते वेगळे आणावेत. सिलिकॉनची मॅट उष्णतेने कडक होत जाते आणि पकड कमी होते, म्हणून एक जादा मॅट सुरुवातीलाच घेऊन ठेवा. पाटी धातूची आणि विजेवर तापणारी, तेव्हा अर्थिंग हवंच: यंत्राचा प्लग काढून, मल्टिमीटरने प्लगच्या अर्थ पिनपासून पाटीपर्यंत जोडणी तपासा. ती नसेल तर झटका बसू शकतो, शिवाय साचलेल्या स्थिर विजेने डिस्प्लेची आयसीही जाऊ शकते. मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा त्याच कारणासाठी.

परत करण्याची मुदत संपण्याआधी चार गोष्टी मोजून पाहा. स्टीलची पट्टी पाटीवर उभी, आडवी आणि तिरपी ठेवून मागून उजेड पाहा. मध्ये फट दिसली तर पाटी वाकडी आहे. थर्मोकपलने मध्य आणि कोपऱ्यांतला फरक पाहा. ५ अंशांहून जास्त असेल तर ते यंत्र ओएलईडीसाठी निकामी. एखादी अखंड जुनी काच ठेवून पंप सुरू करा आणि बोटाने आडवी ढकला. सरकता कामा नये. आणि पाटी तासभर चालू ठेवून आकडा वर-खाली किती होतो ते बघा. ८० वर ठेवलेली पाटी तासाभरातही ७६ ते ८४ मध्ये हेलकावे खात असेल, तर दुसरं यंत्र मागवा.